जोडीतला उजवा

एकदा पाय रोवले की हलत नाही, म्हणून त्याला सगळे खुंट्या म्हणत. मनोरुग्णांच्या इस्पितळात त्याचं काम बेळकं धरायचं. बेळकं म्हणजे माणसाहून लांब दांडा, टोकाला रबर गुंडाळलेली लोखंडी कमान. एखादा रोगी सुरी, काच, हाताला येईल ते घेऊन अंगावर धावला की दोघांनी दोन बेळकी लावून त्याला भिंतीशी टेकवायचं. त्याला लागू द्यायचं नाही, आपल्यालाही लागून घ्यायचं नाही.

दांडा हातांनी रेटणारा लगेच दमतो. जोर टाचेतून यावा लागतो. हात नुसती दिशा देतात. हे खुंट्याला दादानं शिकवलं. दादा जोडीतला डावा. डाव्यानं कंबर धरायची, हत्यारावर नजर ठेवायची आणि हुकूम द्यायचा. उजव्यानं मांड्या अडकवायच्या आणि फक्त पाय बघायचे. मान वर केली की जोर गेला. हत्यार खाली पडलं की डावा म्हणणार, "सोड." मगच उजव्यानं मागं व्हायचं.

"तुला डोकं नाही ते बरंय," दादा म्हणायचा. "माझं दोघांना पुरतं."

"जपून वापर म्हणजे झालं," खुंट्या म्हणायचा.

पुढे ते दादालाच पुरेना. निवृत्तीनंतर तो भिंतींशी बोलायला लागला. बायकोला ओळखेनासा झाला. ज्या वॉर्डात उभी हयात काढली, तिथंच त्याला भरती करावं लागलं. वहिनी खुंट्याला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही आहात म्हणून इथं ठेवते. त्यांच्या अंगावर ओरखडा यायला नको."

"नाही येणार," खुंट्या म्हणाला.

एका दुपारी दादानं स्वयंपाकघरातली सुरी उचलली, आचाऱ्याच्या दंडावर वार केला आणि कपडे वाळत घालायच्या अंगणात शिरला. मोठ्या डॉक्टरांनी पोलीस बोलावले. ते बंदुका घेऊन फाटकाशी आले.

"ते आत यायच्या आधी आवरा," डॉक्टर म्हणाले.

दादाच्या जागी आता इस्पितळातला धोबी डावा होता. कामाला चांगला, पण अजून नवा. ओल्या चादरी बाजूला सारत दोघं पुढं सरकले. खुंट्यानं एकदाच दादाच्या तोंडाकडे बघितलं.

"खुंट्या, गाढवा, पाय बघ!" दादा ओरडला.

खुंट्यानं मान खाली घातली. दोन्ही कमानी नीट बसल्या. दादा भिंतीला टेकला. टाचा मातीत रुतल्या, दांडा थरथरायचा थांबला. धोबी विनवत होता, "टाका दादा, टाका ती सुरी."

मग वरून आवाज आला, "सोड."

तोच आवाज, काम झाल्यावरचा, जरा थकलेला. खुंट्या मागं झाला.

सुरी दादाच्या हातातच होती. पाय मोकळे होताच त्यानं धोब्याच्या दांड्याला हिसडा दिला आणि फाटकाकडे धावला. तिथल्या पोलिसाला फक्त सुरी दिसली. एकच गोळी सुटली आणि दादा तिथंच संपला.

"मी नव्हतो रे 'सोड' म्हणालो," धोबी रडत म्हणाला. "मी 'धर, धर' ओरडत होतो."

"ठाऊक आहे," खुंट्या म्हणाला. ते 'धर, धर' त्याला ऐकूच गेलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, घाबरून पाय मागं येतो, माणूस आहे. खुंट्यानं दोन्ही बेळकी पुसून कोपऱ्यात उभी केली.

संध्याकाळी तो वहिनीकडे गेला. काही न लपवता, न फिरवता सांगितलं. ती ताठ बसून ऐकत राहिली.

"तुम्हाला ओळखलं त्यांनी?"

"हो. हाक मारली."

"मला नाही मारली कधी इतक्यात." मग म्हणाली, "आणि ते म्हणाले म्हणून तुम्ही सोडलंत."

"हो वहिनी."

ती उठली. त्याला दारापर्यंत पोचवलं आणि त्याच्या मागं दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटून खुंट्या पायरीवर तसाच उभा राहिला. आतून कडी लागल्याचा आवाज आला, तेव्हा कुठं त्यानं पाऊल उचललं.