सराईच्या तुळया

ठाणेदार असताना हाताळलेली त्या सराईची केस आठवली की आजही आधी डोकं तापतं, मग हात जोडले जातात.

आलापल्लीचं सागवान बैलबंड्यांवरून यायचं, तेव्हापासून सावली गावाकडच्या रस्त्यावर वाटसरूंची ती सराई उभी आहे. बंडीवाले गेले, ट्रकवाले आले. तेंदूपत्त्याचे मजूर, दवाखान्याला निघालेली माणसं, सगळी तिथं जेवली. रिवाज एकच. जेवण्याआधी नाव-जात विचारायची नाही, आणि जेवून गेलेल्याविरुद्ध तोंड उघडायचं नाही.

एका व्यापाऱ्यानं खबर दिली, सराईमागे चोरीचं सागवान आहे. छापा घातला. ताजा रंधा मारलेल्या तुळया निघाल्या, पावती नाही. म्हाताऱ्या मालकाला, सगळ्यांच्या चाचांना, ठाण्यात आणलं. गुन्हा लागला असता तर चाचा आत आणि सराईला सील.

"लाकूड कुठलं, चाचा?"

"छपराचंच हाय, साहेब. छप्पर वाकलं म्हनून उतरवून राह्यलो."

"मग इतकं नवं काऊन दिसते?"

"पिढ्यांची काजळी होती. चाची म्हने, लोकाइच्या ताटात पडते. मंग रंधा मारला."

"तुमच्या वाईटावर कोण आहे?"

"हाय एक. पन तो जेवून गेला. नाव नाई सांगनार."

हवालदार भडकला. "तुमी जेलात गेले तं लोकाइले जेवू कोन घालीन?"

"चाची हाय नं! तसंही माह्या हातचं कोनाले आवडते?"

तेवढ्यात व्यापाऱ्याचा फोन. "साहेब, सील कधी लावता?" चोरीचं दुःख असणारा माणूस सीलची घाई करत नाही. मी वनरक्षकाला घेऊन सराईवर गेलो. एक तुळई उचलून भिंतीतल्या जुन्या खोबणीत बसवली. चपखल बसली. जो भाग भिंतीत असायचा, त्यावर चुना तसाच होता. रंधा तिथं फिरलाच नव्हता. चुना खरवडला. खाली सरकारी डेपोच्या हातोड्याचा जुना ठसा! वनरक्षक म्हणाला, "हा रीतसर विकलेला माल हाय, साहेब."

जबाबात व्यापारी कबूल झाला. त्याला लॉजसाठी ती जागा हवी होती. आदल्या दिवशी तिथंच जेवून त्यानं लाकूड हेरलं होतं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे असले लोक 'जागरूक नागरिक' म्हणून ठाण्यात खुर्ची मिळवतात, याची चीड मला आजही येते. खबर तपासण्याआधी ती देणाऱ्याचा फायदा तपासा, हे मी प्रत्येक नव्या शिपायाला सांगत आलो.

पंचनामा करून चाचांना घरी सोडलं. चाचीनं आम्हाला बसवलं, भात-वरण वाढलं. हवालदार मान वर करेना.

"खा नं भाऊ," ती म्हणाली. "तुमचं काम तुमी केलं, आमचं आमाले करू द्या."

मी चाचांना सोडवलं, असं लोक म्हणतात. खरं तर चौकशीसाठी उचलून नेणाऱ्यालाही जेवू घालणाऱ्या माणसांत मला नोकरी करायला मिळाली. उपकार त्यांचे आहेत.