आवाज नसलेलं इंग्रजी

वीज गेली आणि शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या शेडमधले यंत्रमाग एकदम थांबले. मी चौथीच्या वर्गात ड्रिल घेत होते. ड्रिल म्हणजे शिक्षकाने वाक्य म्हणायचं आणि वर्गाने एका सुरात ते परत म्हणायचं. वाक्य म्हणून झालं होतं. समोर सगळ्या मुलांचे ओठ हलत होते, आणि वर्गात आवाज कुणाचाच नव्हता.

मी पुढचं वाक्य म्हटलं. ओठ परत हलले, अगदी बरोबर. बाहेर रस्त्यावरून सायकल गेलेली ऐकू आली.

शाळा कबनूरची. मराठी माध्यमाची, पण घरी कुणी कन्नड बोलायचं, कुणी उडिया, कुणी भोजपुरी. मी गडहिंग्लजजवळच्या खेड्यातली, घरातली पहिली ग्रॅज्युएट. मला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंचे उपकार फेडायचे म्हणून मनापासून शिकवत होते. मागांच्या खडखडाटात माझा आवाज पोचत नसे, म्हणून मी तोंड मोठं उघडून, ओठांचे आकार दाखवून बोलायचे. मुलंही बोलताहेत, खडखडाटात आपल्याला ऐकू येत नाही एवढंच, असं मी धरून चालले होते. एकेकाला उठवलं की ती पुटपुटायची. मला वाटायचं, लाजतात. मैदानावर हीच मुलं कानठळ्या बसतील अशी ओरडत.

पुढच्या आठवड्यात मी वर्ग लांबच्या चिंचेखाली नेला. हळूहळू एकेकाचा आवाज फुटला. शिवलीलाचा फुटला नाही. ती इंग्रजीतच नाही, कुठल्याच भाषेत आवाज काढत नसे. पण तिचे ओठ मी बघितले होते. तिचं एकही वाक्य चुकत नव्हतं.

पाचवीला सेमीची तुकडी होती. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून. त्यासाठी तोंडी परीक्षा असे. मुख्याध्यापक सर परीक्षेच्या यादीतून तिचं नाव कमी करायला निघाले होते.

"पोरगी मुकी हाय मॅडम. कशाला चारचौघांत तिचं हसं करताय?"

"सर, तिला सगळं येतंय. मी बघितलंय."

"बघून काय करू? मला ऐकू याया पायजे की."

त्या दुपारी मी तिच्या आईला भेटायला मागांच्या शेडमध्ये गेले. आत पाय ठेवला आणि कान बंद झाल्यासारखे झाले. बायका मागांवर उभ्या होत्या आणि गप्पा मारत होत्या. एक जण काहीतरी म्हणाली, तशा दोघी-तिघी पोट धरून हसल्या. हसण्याचाही आवाज नव्हता. पलीकडच्या टोकाच्या उडिया कामगाराने शिवलीलाच्या आईला ओठांनी काही विचारलं. तिने बोटांनी आणि ओठांनी उत्तर दिलं. मग मला बघून तिने नुसते ओठ हलवले. 'या मॅडम' म्हणतेय, हे मलाही कळलं.

आम्ही बाहेर आलो. शिवलीला घरी बोलते का, असं मी विचारलं.

"बोलतीय की. लई बोलतीय."

"आवाज काढून?"

तिने मलाच उलट विचारलं, "आवाज कशाला लागतोय?"

पोर तान्ही असल्यापासून मागाशेजारी झोळीत वाढलेली, हे तिच्याकडूनच कळलं. तिथे आवाज काढून कुणालाच काही मिळत नव्हतं. आणि शाळेत आले ती मी, ओठ दाखवून शिकवणारी. इंग्रजी असंच बोलायचं असतं, असं वर्गानं धरलं तर नवल नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शिवलीलाचा हात माझ्या गळ्यावर ठेवला आणि बोलले. गळ्याची थरथर लागताच तिने चालत्या मागाला हात लागावा तसा झटकन काढून घेतला. मग तोच हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून ओठ हलवले. तिथे काहीच नव्हतं. परीक्षेपर्यंत रोज मधल्या सुट्टीत आम्ही हेच केलं. रोज तिथे काहीच नसायचं.

परीक्षेला सर स्वतः बसले. आई कुठे काम करते, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. तिचे ओठ हलले. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि पेनाचं टोपण काढलं. शून्य पडलं तर तिची तुकडी गेली होती.

शिवलीलाने गळ्यावर हात ठेवला.

"माय. मदर. वर्क्स. इन. अ. शेड."

आवाज मोठा होता आणि घोगरा, मुलीचा वाटेना. चढ नाही, उतार नाही. प्रत्येक शब्दाला सारखं वजन. माग चालतो तसा. शिपाई दारातून डोकावला.

सरांनी पेन खाली ठेवलं. "परत म्हण," ते म्हणाले. ती परत म्हणाली, अगदी तशीच.

"कवापासनं बोलतीया ही?"

"आत्तापासनं," मी म्हणाले.

तिला सेमी मिळाली. सरांनी उच्चाराचे मार्क कापले, ते बरोबरच होतं.

नवीन मूल आलं की मातृभाषा कुठली हे आम्ही लिहून घेतो. घरात दिवसभर कसला आवाज असतो, ते विचारायला कुणी सांगत नाही. मी विचारते. काही मुलं उत्तर देतात, आणि ते मला ऐकू येत नाही. मग मी त्यांना माझ्यासमोरच्या बाकावर बसवते.