फेन्नाच्या वाढदिवसाच्या खुर्च्या

फेन्नाचा कशावर चटकन विश्वास बसत नसे. मासेवाल्याने हेरिंग माशाचा एक तुकडा फुकट वर घातला, तरी ती तो आधी हुंगून बघायची. ग्रोनिंगेनच्या बाजूच्या आमच्या गावात, वस्तीच्या हॉलवर कॉफी ओतण्यात तिचं उभं आयुष्य गेलं. मागच्या शरदात नगरपालिकेने पैसे नाहीत म्हणून त्या हॉलला कुलूप लावलं, आणि त्याच हिवाळ्यात नगरपालिकेच्याच संग्रहालयात एका नावाजलेल्या कलावतीची भलीमोठी कलाकृती मांडायला मात्र पैसे निघाले. कुठेतरी पाणी मुरतंय, असं फेन्नाला तेव्हाच वाटलं.

शेजारच्या हार्मला घेऊन ती बघायला गेली. पांढऱ्याशुभ्र दालनात गोल मांडलेल्या रिकाम्या खुर्च्या, बाकी काही नाही. भिंतीवरच्या पाटीवर एकटेपणाबद्दल बरंच काही लिहिलं होतं. आमच्याकडे वाढदिवसाला खुर्च्या अशाच गोल मांडतात; वाढदिवसाला कोणी फिरकलंच नाही वाटतं, असं हार्म म्हणाला. फेन्ना मात्र वाकून एका खुर्चीखाली डोकावत होती. हॉलच्या खुर्च्या चर्चवाल्यांनी पळवू नयेत म्हणून तिनेच कधीकाळी लावलेला लाल नेलपॉलिशचा ठिपका तिथे होता.

"हार्म, आपल्याच आहेत रे या."

तिने तक्रार केली नाही. तक्रारी कुठल्या टोपलीत जातात हे तिला ठाऊक होतं. येत्या शनिवारी ती पंच्याहत्तरची होणार होती, आणि तिच्या खोलीत चार माणसांचाही गोल बसत नव्हता. तिने सगळ्यांना संग्रहालयात बोलावलं.

मंडळी आली. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने गोलभर फिरून सगळ्यांशी हात मिळवले, फेन्नाबद्दल एकमेकांचं अभिनंदन केलं आणि मग सगळी केकचा एकेक तुकडा घेऊन बसली. हार्मने थर्मासमधली कॉफी फिरवली. रखवालदार युर्येन धावत आला, पण तोंड उघडायच्या आत दोघातिघांनी त्याचा हात हातात घेतला आणि सवयीने तोही अभिनंदन म्हणून बसला. मग ओशाळून म्हणाला, "बाई, कलाकृतीवर बसता येत नाही."

"कलाकृती कुठली ते दाखवा, तिच्यावर नाही बसणार. या खुर्च्या आमच्या आहेत."

संग्रहालयाच्या संचालकबाई आल्या, त्या मात्र खूश. कलावतीला नेमकं हेच हवं होतं म्हणाल्या. दर महिन्याला या, फोटो काढू. हा गोडवा फेन्नाला त्या हेरिंगच्या तुकड्याहून संशयास्पद वाटला. हॉलला पैसे नव्हते, आणि आता हॉलमधली माणसंही फुकटात मांडून ठेवायची. तिला मनापासून राग आला.

कॉफी संपली तशी मंडळी उठली आणि हॉलमधल्या सवयीने खुर्च्या एकावर एक रचू लागली. संचालकबाई कासावीस झाल्या. "अहो, उचलू नका, त्या तशाच राहायच्या आहेत."

"कार्यक्रम संपला, बाई. हॉल उघडून द्या, तिथे नेऊन ठेवतो," फेन्ना म्हणाली.

शेवटची खुर्ची फेन्नाच्या हातात होती. तिच्या खोलीत तेवढी एकच मावली असती. ती घेऊन फेन्ना चालू लागली, आणि युर्येनने दार धरून ठेवलं.