घड्याळवाल्या आजोबांचे हात

नर्सिंग कॉलेजातल्या मुलींनी बाईंना ‘कशावरूनबाई’ हे नाव ठेवलं त्याला आता बरीच वर्षं झाली. नाव ठेवणारी तुकडी स्वतः सासू व्हायला आली, तरी नाव काही पुसलं गेलं नाही. एखादी मुलगी वर्गात उभी राहून म्हणाली, ‘‘मॅडम, अशा पेशंटला असं करायचं,’’ की बाई चष्म्याच्या वरून बघत विचारणार, ‘‘कशावरून?’’ सीनियरनं सांगितलं म्हणून, हे उत्तर मुळीच चालायचं नाही. पुस्तकात आहे म्हणून, हेही अर्धंच. कुणी तपासून पाहिलं, कसं पाहिलं आणि आपल्यासमोर पडलेल्या माणसाला ते लागू पडतं का, हे सांगता आलं तरच खाली बसायचं. घरी यजमानांनाही सूट नव्हती. ‘‘आज गार आहे, स्वेटर घाल,’’ एवढं म्हणायचीही त्या गरिबाची छाती होत नसे.

त्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलींना घेऊन बाई हाडांच्या वॉर्डात गेल्या. तिथल्या इन्चार्ज सिस्टर म्हणजे बाईंची वर्गमैत्रीण, होस्टेलात एका खोलीत राहिलेली. वॉर्ड तिच्या शब्दावर चालायचा. चादरीला सुरकुती दिसली तर वॉर्डबॉयच्या तोंडचं पाणी पळायचं. अशा त्या लख्ख वॉर्डाच्या टोकाच्या खाटेवर एक आजोबा दिवसभर ओरडत होते.

जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन छान झालं, पण शुद्धीवर आले ते भलत्याच जगात. लेकीला ओळखेनात. मधुमेह होता, ऐकू कमी यायचं, डोळेही अधू. लघवीची नळी ओढायचे, खाटेवरून उतरायला बघायचे, म्हणून दोन्ही मनगटं बँडेजच्या पट्टीनं खाटेच्या कठड्याला बांधलेली. लेक शेजारच्या स्टुलावर बसायची ती खिडकीकडे तोंड करून. बापाचे बांधलेले हात तिला बघवत नव्हते.

‘‘हे सोडायला हवं,’’ बाई म्हणाल्या.

‘‘आणि पडले म्हणजे?’’ इन्चार्ज सिस्टर म्हणाली. ‘‘अगं, आपण नेहमी बांधत आलोय. त्यांच्याच भल्यासाठी.’’

‘‘बांधल्यानं माणूस पडायचा थांबत नाही, असं दिसून आलंय. उलट भ्रम वाढतो. आणि असेच पडून राहिले तर पाठीला जखम होईल, छातीत कफ भरेल, मग ते पुन्हा उभे राहायचे नाहीत. हे तुला मी सांगायला नको.’’

‘‘तुझे अभ्यास तुझ्या वर्गात ठेव. रात्रपाळीला दोन नर्स असतात माझ्याकडे.’’ मग जुन्या मैत्रीला जागून तिनं जरा आवाज उतरवला. ‘‘चार दिवस देते. सर्जनसाहेबांना मी विचारते. पण आजोबांना काही झालं, तर तुझ्या मुली या वॉर्डात पाऊल टाकणार नाहीत. हे शेवटचं.’’

बाईंनी मुलींना आधी वॉर्डात सोडलंच नाही. सरावाच्या खोलीत नेलं. तुकडीत एक मुलगी होती, तोंडातून शब्द फुटायला तिला मुहूर्त लागायचा. सगळ्या तिला मौनी म्हणत. बाईंनी नेमकी तिलाच खाटेवर निजवली. चष्मा काढून घेतला, कानांत कापूस घातला, मनगटं बांधली आणि बाकीच्यांना सांगितलं, ‘‘आता हिच्या आजूबाजूला खुशाल गप्पा मारा. हिच्याकडे बघायचं नाही.’’ पहिल्यांदा मौनी हसत होती. मग हसू गेलं. मग ती हात ओढायला लागली. सोडल्यावर ती मनगटं चोळत उठून बसली.

‘‘नाकाला खाज सुटली होती मॅडम,’’ ती म्हणाली. ‘‘पण नंतर खाजही विसरले. फक्त हात सोडवायचे होते. दुसरं काही सुचतच नव्हतं.’’

‘‘तू धडधाकट आहेस, आणि ही खोली तुझ्या ओळखीची आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘चला आता.’’

आजोबांचा चष्मा आणि कानाचं यंत्र कुठंय, हा पहिला प्रश्न. लेक म्हणाली, ‘‘घरी कपाटात. इथं हरवतील म्हणून नेऊन ठेवलं.’’ दुसऱ्या दिवशी दोन्ही आलं. मुलींनी पाळ्या लावून घेतल्या, एक जण कायम खाटेशी. दुखण्याचं औषध वेळेवर मिळतंय की नाही, पोट साफ होतंय का, रक्तातली साखर किती आहे, सगळं डोळ्यांत तेल घालून बघायचं. हात सोडले. मौनीनं चष्मा चढवला, यंत्र कानात बसवलं आणि आपलं नाव सांगितलं. आजोबा तिच्याकडे बघत राहिले, मग समोरच्या भिंतीकडे.

‘‘ते घड्याळ मागे पडलंय,’’ ते म्हणाले.

मुलींनी आपापली घड्याळं बघितली. पडलंच होतं मागे. इतक्या लख्ख वॉर्डात ते एक कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. लेक हसता हसता रडायला लागली.

पण आनंद फार टिकला नाही. दुपारी आजोबांनी पाय खाली टाकले, हात पुन्हा नळीकडे गेला. पाळीवरच्या मौनीनं त्यांना मिठीत धरून सावरलं म्हणून निभावलं. इन्चार्ज सिस्टरनं दारातून सगळं पाहिलं.

‘‘झालं समाधान? बांधा आता.’’

एका माणसाचे हात आणि पुढच्या सगळ्या तुकड्यांचा वॉर्ड, दोन्ही जाणार होतं. अशा वेळी पुस्तकं धावून येत नाहीत.

‘‘मॅडम,’’ मौनी म्हणाली, ‘‘त्यांना लघवीला जायचंय. नळी आहे, असं मी सांगितलं, तरी तेच म्हणतात. नळी टोचत असेल ना? ती कशासाठी ठेवलीय?’’

‘‘बांधलेला माणूस उठणार कसा?’’ इन्चार्ज सिस्टर म्हणाली. ‘‘म्हणून.’’

‘‘आणि बांधलं कशासाठी?’’ मौनीनं विचारलं.

‘‘नळी ओढतात म्...’’

वाक्य तिथंच राहिलं. कशावरूनबाईंनी पट्टीबद्दल शंभर प्रश्न विचारले होते, नळीबद्दल एकही नाही. त्यांना स्वतःचा राग आला आणि त्या पोरीला उचलून घ्यावंसं वाटलं.

सर्जनसाहेबांनी केसपेपर चाळले, ‘‘ही नळी अजून आहे?’’ म्हणून कपाळाला आठी घातली आणि नळी काढायला सांगितली. मग सुरू झालं वाट बघणं. नळी काढल्यावर लघवी आपली आपण झाली तरच जिंकलं, नाहीतर पुन्हा घालायची. मुली पाणी पाजत होत्या, घोटाघोटाला आजोबांच्या तोंडाकडे बघत होत्या. बाई व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होत्या. संध्याकाळी मौनी झाकलेलं भांडं दोन्ही हातांत धरून पडद्याबाहेर आली, कान लाल, चेहरा असा, की जणू सोन्याचा हंडा सापडलाय. साऱ्या तुकडीनं टाळ्या वाजवल्या. पडद्याआडून आजोबांनी विचारलं, ‘‘कुणाचं लग्न आहे का?’’

त्या रात्री आजोबा शांत झोपले. मुदतीच्या शेवटच्या सकाळी वॉकर घेऊन, एका बाजूला मौनी आणि दुसऱ्या बाजूला लेक, असे ते खाटेपासून दरवाजापर्यंत चालले. हळूहळू, थांबत, पण आपल्या पायांनी. वॉर्डबॉयनं झाडू बाजूला ठेवला. खाटांवरची माणसं कोपरांवर उठून बघायला लागली. दारात इन्चार्ज सिस्टर उभी होती. आजोबांनी वॉकरवरचा एक हात उचलला आणि तिच्यापुढे धरला. तिनं तो दोन्ही हातांत घेतला, मनगटावरचे काळे-निळे वळ बघितले आणि बराच वेळ सोडला नाही.

‘‘उद्या किती मुली आणशील?’’ इन्चार्ज सिस्टरनं विचारलं.

‘‘तू म्हणशील तितक्या.’’

‘‘सगळ्या आण.’’

आणि खिशातली कात्री काढून ती बायकांच्या बाजूच्या पाचव्या खाटेवर तशाच बांधलेल्या, ओरडणाऱ्या म्हातारीपाशी गेली, तिच्या उशाशी वाकून म्हणाली, ‘‘मावशी, काय होतंय तुम्हाला? मला सांगा,’’ आणि मनगटाची पट्टी कापली.