मडमांच्या पर्सा, महाडची गिऱ्हाइकं

आमच्या दुकानात माणूस बॅग घेऊन यायचा आणि किस्सा ठेवून जायचा. बॅग न्यायला दहा हेलपाटे घालायचा, पण किस्सा काही कोणी परत नेला नाही! ते सगळे माझ्या डोक्यात साठून राहिलेत. बायको म्हणते, "तुम्ही सुरू झालात की चहा दोनदा गरम करावा लागतो." तेव्हा चहा आधी पिऊन घ्या.

दुकान महाडच्या बाजारपेठेत. मालक माझा चुलतभाऊ शिवरामदादा, कारागीरही तोच. मी सदा. शिवणीला हात लावायचो आणि गिऱ्हाइकांशी बोलायचो. म्हणजे जड काम माझ्याकडे! दादा मान खाली घालून चामडं टोचायची आरी चालवायचा आणि दिवसातून चार वाक्यं बोलायचा.

गोरे साहेब देश सोडून गेले तेव्हा जाताना सामान वाटून गेले. आपल्याकडची कितीतरी माणसं मुंबईत त्यांच्या बंगल्यांवर स्वयंपाकी, माळी, घरगडी म्हणून होती. त्यामुळे मडमांच्या पर्सा आणि साहेबांच्या बॅगा थेट पोलादपूरच्या डोंगरापर्यंत पोचल्या. मुंबईच्या जुन्या बाजारातून घेतलेल्या वेगळ्याच. आपल्या हवेत त्यांना बुरशी चढली, शिवणी उसवल्या, कड्या गंजल्या, आणि एकेक करून सगळ्या आमच्या फळीवर येऊन पडल्या.

बॅगा बऱ्या होत्या हो. बॅगांनी कधी त्रास दिला नाही!

* * *

कापडे गावाहून एक मावशी आल्या. डोक्यावर टोपली, टोपलीत फडकं, फडक्यात पर्स. उघडून बघतो तर सुसरीच्या कातड्याची! नवरा मुंबईत साहेबाकडे स्वयंपाकी होता, मडमेनं जाताना त्याच्या हातात ठेवलेली. दादानं ती नुसती हातात धरली आणि त्याचे डोळे लकाकले. मग त्यानं ती उघडली आणि आम्ही दोघंही रस्त्यावर आलो.

"मावशी, यात काय ठेवत होतात?"

"सुकट. दुसरं काय? उंदीर लागत नाय त्येला. झाकण कसं घट बसतं!"

चार पावसाळे त्या पर्समध्ये सुकट भरून ती माळ्यावर, चुलीच्या धुरात टांगलेली! मावशींचं म्हणणं एवढंच, की मुलीच्या लग्नात हातात धरायची आहे, तेव्हा तिला मडमेच्या हातातली करून द्या.

तीन आठवडे आम्ही त्या पर्सच्या मागे होतो. जुनं अस्तर काढून टाकलं. आत कोळशाचे तुकडे ठेवले, सुका कडुलिंब ठेवला, सावलीत वारा दिला. शेजारचा कापडवाला रोज विचारायचा, "शिवराम, दुकान बदललंस का रे? मासळी कधीपासून?" शेवटी वास गेला. दादानं नवं अस्तर घातलं, कडी बसवली, कातड्यावर मऊ फडक्यानं मेण चढवलं. पर्स अशी दिसत होती, की मला तिच्याशी इंग्रजीत बोलावंसं वाटलं!

मावशी आल्या. पर्स उलटीसुलटी करून बघितली. नाकाला लावली. आणि फळीवर परत ठेवली.

"ही माजी नाय."

"अहो मावशी, तुमचीच आहे!"

"मला फसवतोस व्हय रे? माज्या पिशवीला वास व्हता!"

मी शपथा घेतल्या. कडीवरचा जुना ओरखडा दाखवला. ऐकायलाच तयार नाहीत! दादानं मला गप्प केलं आणि म्हणाला, "मावशी, मंगळवारी या. तुमची शोधून ठेवतो."

दादानं बाजारातून मूठभर सुकट आणली, कागदात बांधली आणि दोन दिवस पर्समध्ये ठेवली. मला रडू यायचं बाकी होतं! मंगळवारी मावशी आल्या, पर्स नाकाला लावली आणि चेहरा फुलला.

"ही बग! ही माजी! मंग त्या दिवशी कोनाची देत व्हतास रे बाबा मला?"

* * *

नाते गावचे एक शेतकरी, मोठी चांगली असामी. मुंबईला गेले तेव्हा कागदपत्रांसाठी एक जुनी चामडी बॅग घेऊन आले. आम्ही ती नीट केली आणि देताना मी तीनतीनदा सांगितलं, "हे बघा, महिन्यातून एकदा किंचित मेण. किंचित!"

महिन्यानं बॅग परत. हातात धरली तर निसटून खाली पडली. उचलली, पुन्हा पडली. आतले सातबारे असे पारदर्शक झालेले, की एकाखाली एक ठेवून दोन्ही शेतं एकदम वाचता यावीत!

"काय लावलंत हो?"

"तेल."

"किती?"

"अर्धा शेर."

"अहो, मी मेण सांगितलं होतं! किंचित!"

ते माझ्यावरच उखडले. "मला शिकवू नको. म्हशीचं कातडं हाय ना? घरात सहा म्हशी हायत माज्या. म्हशीला जेवढं चोळतो तेवढंच चोळलं!"

* * *

आमच्याच पेठेत एक सासू-सून होत्या. सुनेला माहेराहून मामानं एक जुनी हँडबॅग दिलेली, दोन गोळ्या एकमेकींवरून सरकून मिटणाऱ्या चापाची. सासूबाई ती घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "चाप ढिला झालाय. घट्ट करा. आणि असा करा की आवाज आला पाहिजे. सून पर्स उघडते तेव्हा मला ओटीवर कळलं पाहिजे."

दादानं करून दिलं. टक्! असा आवाज, की समोरचा सोनार मान वर करून बघे.

चार दिवसांनी सून आली. बिचारी हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, आवाज काढून टाका ना. माहेरचं पत्र काढलं तरी सासूबाई दारात उभ्या."

दादानं आवाज काढला. आठवड्यानं सासूबाई हजर. "तुम्ही बिघडवलात चाप! आवाज कुठाय?" आवाज घातला. मग पुन्हा सून. असं किती वेळा झालं म्हणता? तो चाप आम्हा दोघांना तोंडपाठ झाला. पाचव्या खेपेला मी हात जोडून दादाला म्हणालो, "दोघींना एकदम बोलाव आणि त्यांचा निकाल लाव. चापाचा लावू नको!"

दादानं कानस उचलली. दुपारभर चाप घासत बसला. मग बॅग सासूबाईंना दिली. त्यांनी उघडमीट करून बघितलं, आवाज ऐकला आणि खूश होऊन गेल्या. मी डोक्यावर हात मारला. आता उद्या सून येणार!

सून आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या महिन्यातही नाही. मला राहवेना. दादाला विचारलं, "केलंस काय?"

"उघडताना गप्प ठेवलाय," तो म्हणाला. "मिटताना वाजतो."

* * *

आता जरा वेगळं सांगतो. आम्ही चांभाराची पोरं, हे वेगळं सांगायला नको. दुकान पेठेत होतं, पण पेठेतल्या सगळ्यांनाच ते पेठेत हवं होतं असं नाही.

कचेरीतून निवृत्त झालेले एक काका होते. साहेबानं बक्षीस दिलेली गाईच्या चामड्याची बॅग त्यांच्याकडे होती, आणि ती छातीशी धरल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. ती दुरुस्तीला आणायचे तेव्हा पायरीच्या खाली उभे राहायचे आणि तिथून फळीवर फेकायचे. आमच्या हाताला हात लागू नये म्हणून! एकदा नेम चुकला, बॅग खाली आदळली आणि बक्कल तुटलं. मग ते तुटलेलं बक्कल दुरुस्त करायचं कामही आमच्याकडेच!

न्यायला आले की सोबत तांब्या. दादा बॅग फळीच्या टोकाला ठेवणार, काका तिच्यावर पाणी शिंपडणार, मग उचलणार. गाईचं कातडं छातीशी चालतं, बाट काय तो आमच्या बोटांचा! माझ्या डोक्यात सणक जायची. दादा मात्र शांत.

पण पॉलिश ताजं असायचं. त्यावर पाणी पडलं की डाग. तिसऱ्या दिवशी काका पायरीखाली. "शिवराम, तुझ्या कामात राम राहिला नाही. हे डाग बघ." बॅग आत उडायची. दादा डाग काढायचा. काका यायचे, तांब्यातलं पाणी शिंपडायचे. पुन्हा डाग!

चौथ्या वेळी दादा उठून उभा राहिला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "काका, एक तर पाणी शिंपडायचं थांबवा, नाहीतर इथं यायचं थांबवा. दोन्ही एकदम चामड्याला झेपत नाही."

काका लाल झाले. बॅग घेऊन, डागांसकट, निघून गेले. मी म्हटलं, गेलं एक गिऱ्हाईक, आणि बरं झालं गेलं! दादा त्या दिवशी जेवला नाही.

पावसाळा गेला. एका सकाळी काका आले. पायरीपाशी थांबले. मग पायरी चढून वर आले आणि बॅग दादाच्या हातात दिली. हातात! मी बघतच राहिलो. चार दिवसांनी न्यायला आले तेव्हा माझ्या तोंडून गेलंच, "काका, तांब्या?"

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "घरी विसरलो."

पुढे दर वेळी विसरायला लागले.

* * *

महाडात राहायचं तर सावित्रीचं पाणी घरात येणार, हे धरूनच चालायचं. एका वर्षी ते सकाळीच पेठेत शिरलं. बघता बघता दुकानात गुडघाभर. दादा बाकावर उभा राहून बॅगा आढ्याला बांधतोय, मी खालून एकेक वर देतोय. आरी, दोरा, मेण सगळं डोक्यावरच्या पाटीत. शेजारच्या दुकानाचं एक स्टूल आमच्या दारावरून तरंगत निघालंय. आणि त्याच्या मागून धोतर मांडीपर्यंत खोचून, छत्री उघडून, पाणी कापत एक गुरुजी आले! मूळचे पोलादपूरचे, महाडात लेकीकडे मुक्कामाला होते.

मला वाटलं, मदतीला आले. मी हात पुढे केला.

गुरुजी म्हणाले, "आज बुधवार."

"हो गुरुजी."

"बुधवारी बॅग देतो म्हणाला होतात."

मी पुढे केलेला हात मागे घेतला. पाणी वाढतंय, वरून धो धो कोसळतंय, आणि हा माणूस वार मोजतोय! तेवढ्यात आढ्यापाशी अडकलेला दादा वरूनच म्हणाला, "झालीय गुरुजी. फक्त वाळायची राहिलीय."

गुरुजींनी मान डोलावली. "मग शुक्रवारी येतो." आणि आले तसे पाणी कापत गेले.

* * *

शेवटचा सांगतो आणि उठतो.

गणपतीला मुंबईची माणसं गावी आली की आमच्याकडे गर्दी व्हायची. अशात यशवंत आला. पोलादपूरच्या वरच्या अंगाचा, मुंबईत गोदीत मुकादम झालेला. टेरिलीनचा शर्ट, मनगटावर घड्याळ, आणि हातात बायकोसाठी जुन्या बाजारातून घेतलेली काळी हँडबॅग. मूठ निखळलेली, एका बाजूची शिवण उसवलेली. पण चामडं असं, की अजूनही त्यात तोंड दिसावं.

"सांभाळून हां दादा," तो म्हणाला. "ओरिजिनल चीज हाय. लंडन!" झाकणाच्या आतली सोनेरी इंग्रजी अक्षरं त्यानं आम्हाला बोटानं वाचून दाखवली. "आपल्याकडं अशी शिवण कोनाच्या बापाला जमायची नाय. टाके बघ, टाके! जशी मुंग्यांची रांग!"

दादा म्हणाला, "आठ दिवसांनी या."

दोन दिवसांनी दादानं बॅगेचं अस्तर सोडवलं आणि त्याचा हात थांबला. मग मला जवळ बोलावून त्यानं आतली कड उलटी करून दाखवली. चामड्याच्या आतल्या अंगाला आरीनं पाडलेली तीन बारीक भोकं होती, चुलीच्या तीन दगडांसारखी मांडलेली.

"काय आहे हे?"

"माझी खूण," दादा म्हणाला.

तरुणपणी दादा मुंबईत फोर्टातल्या एका विलायती सामानाच्या दुकानात कामाला होता. मागच्या खोलीत बारा कारागीर बॅगा शिवायचे. मालक त्यावर लंडनच्या नावाचा सोनेरी ठसा मारायचा आणि त्या पुढच्या काचेत ठेवायचा. कारागिरांनी पुढच्या दारानं यायचं नाही, मालावर कसली खूण करायची नाही, अशी ताकीद होती. दादा अस्तराच्या आत करायचा. इतक्या वर्षांत त्यानं हे मला कधी सांगितलं नव्हतं!

मी तर नाचायचाच बाकी होतो. "येऊ दे त्या यशवंताला! पेठेतली चार माणसं गोळा करतो आणि अस्तर उघडून दाखवतो. बापाला जमत नाय म्हणतो काय!"

"अस्तर शिवून झालं," दादा शेवटचा टाका ओढत म्हणाला.

"तर उसव!"

"चांगली शिवण उसवायची नसते."

यशवंत आला, बायकोला घेऊन. तिनं बॅग हातात घेतली आणि खरं सांगतो, लाजली. यशवंतनं मात्र बॅग उजेडात धरली, जुने टाके बघितले, दादानं घातलेले नवे टाके बघितले. मी दादाच्या मागे उभा राहून त्याला कोपरानं ढोसतोय. सांग ना! आता तरी सांग!

"काम ठीक हाय," यशवंत म्हणाला. "पन वाईट वाटून घेऊ नका दादा. ह्ये जुने टाके बघा, आनि ह्ये तुमचे. फरक पडतो की नाय?"

दादानं बॅग जवळ घेतली, दोन्ही टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि परत दिली.

"पडतो," तो म्हणाला. "तेव्हा नजर चांगली होती."