दाराकडे तोंड

गादीवाल्या ताईला बापाने एकच मंत्र दिला होता, "कापूस पिंजायचा तर दाराकडे तोंड करून. धूळ बाहेर, कापूस आत." पंचवीस वर्षं ती तशीच बसली. पिंजायच्या धनुकलीची तार तुणतुणायची, आणि ती थांबली की गल्ली विचारायची, "काय गं, बरं नाही का?"

आता मात्र खांदा बोलायला लागला. म्हणून ताईने कापूस पिंजायच्या मशीनसाठी कर्ज काढलं. कर्ज देणाऱ्यांची रीत अशी, की गट पाच बायकांचा. पहिलीचं काम चालू झालेलं, गिऱ्हाईक आलेलं साहेबांनी स्वतः बघायचं, मगच दुसरीचं कर्ज मंजूर.

दुसरी म्हणजे समोरची इस्त्रीवाली. लॉजच्या चादरींचं काम तिच्यासाठी शनिवारपर्यंत थांबलं होतं, पण कोळशाच्या इस्त्रीवर ते होणार कसं? तिला विजेची मोठी इस्त्री हवी होती.

"ताई, आज घोळ घालू नकोस हं," ती सकाळपासून तिसऱ्यांदा येऊन म्हणाली. "कडक इस्त्री येतोय." साहेबाला हे नाव तिनेच ठेवलं होतं. त्याच्या शर्टाला सुरकुती नसायची आणि चेहऱ्याला हसू.

"तू आधी श्वास घे, बये. पंचवीस वर्षं कापूसच पिंजतेय मी, काही विमान उडवत नाहीये."

कोपऱ्यातल्या खाटेवरून ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "मशीनचं तोंड केवढं मोठं! अगदी तुझ्या नवऱ्यासारखं."

साहेब आले. खोलीभर कापसाची पोती, पाय ठेवायला जागा नाही. ते दारातच उभे राहिले, हातात कागद. "करा सुरू."

ताईने मशीन आपल्या सवयीने मांडलं होतं, दाराकडे तोंड करून. पुढे चादर अंथरलेली. धनुकलीचा कापूस कसा अलगद पुढ्यात पडायचा, तसाच हाही पडेल, असा तिचा हिशोब. तिने बटण दाबलं.

मशीन घुर्रर्र करून उठलं आणि सगळा कापूस थेट दाराबाहेर! चष्मा, मिशी, कागद, साहेब नखशिखांत पांढरे. गल्लीत कापूसच कापूस, समोर वाळत घातलेल्या कपड्यांवर, चहावाल्याच्या किटलीवर.

"बंद कर, बंद कर!" इस्त्रीवाली ओरडली. मशीन थांबलं. इस्त्रीवालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गेली इस्त्री, गेल्या चादरी.

"याच्या तोंडाला पिशवी बांधायची असते," साहेब कापूस थुंकत म्हणाले.

सासूबाईंनी डोक्याखालून घडी ओढली. "ही का? सुनेने धुऊन मला उशाला दिलीय. चांगली मऊ आहे हो."

ताईने जीभ चावली. तेवढ्यात चहावाला दारात. बादलीत गोळा केलेला कापूस आणि काखेत एक उशी. "ताई, हा तुझा कापूस. आणि आलोच आहे तर हीही पिंजून दे, दगड झालाय नुसता." त्याच्या मागे शिंपीण, परातभर कापूस आणि डोक्यावर गादी. मग वरच्या मजल्यावरचे मास्तर दोन उशा घेऊन. "इतका मऊ होतो होय मशीनवर? मग माझ्या आधी करा."

"रांगेत या, मास्तर!" चहावाला म्हणाला.

ताईने पिशवी बांधली, बटण दाबलं. पिशवी टम्म फुगली. गल्लीने टाळ्या पिटल्या.

साहेबांनी कागद झटकला. "काम चालू आहे का... हो. गिऱ्हाईक आहे का..." त्यांनी रांगेकडे पाहिलं, मग मिशीतला कापूस ओढला, आणि एकदम खो खो हसत सुटले. हसता हसता शर्ट पार चुरगळला.

"अगं बाई," इस्त्रीवाली डोळे पुसत पुटपुटली, "कडक इस्त्री मोडली!"

"सही करा," साहेबांनी तिच्यापुढे कागद धरला. "शनिवारच्या आत पैसे मिळतील. फक्त एक करा."

"काय हो, साहेब?"

"तुमची इस्त्री बघायला येईन, तेव्हा तिचं तोंड माझ्याकडे नको."