रिंगणात नंदी आणि मी

रोबोच्या चाकांना शिलाई मशीनचं तेल लावू नये. हे मला आता माहीत आहे.

माझी मुलगी गौरी सोलापुरातच इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजच्या रोबो-महोत्सवासाठी तिने आणि तिच्या मैत्रिणीने, पद्माने, सहा महिने खपून एक रोबो बनवला. जेवणाच्या डब्याएवढा, चपटा, पुढे पत्र्याचं फावडं. काम एकच: गोल फळीवर समोरच्या रोबोला शोधायचं आणि ढकलून खाली पाडायचं. रिमोट नाही, वायर नाही, सगळं त्याचं तोच ठरवणार! पुढे दोन गोल सेन्सर, अगदी डोळ्यांसारखे. नाव ठेवलं नंदी.

पहिल्यांदा आमच्या हॉलमध्ये तो जागेवर गर्रकन फिरला, पिठाचा डबा त्याने हेरला आणि सरळ सोफ्याखाली लोटला, तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला. (माझं चादरींचं दुकान आहे. तिथे स्वतःहून हलणारी वस्तू म्हणजे फक्त गिऱ्हाईक. तेही फारसं हलत नाही!)

स्पर्धेच्या सकाळी नंदीची चाकं फरशीवर 'चीं चीं' करत होती. आमच्या हिने त्याला कुंकू लावलं, तेही गौरीच्या सूचनेप्रमाणे डोळे वाचवून. मला मात्र राहवेना. गौरी अंघोळीला गेली आणि मी मशीनच्या तेलाचे चार थेंब चाकांना मायेने चोळले. आवाज बंद! मी स्वतःवरच खूश.

कॉलेजच्या हॉलमध्ये रोबोच रोबो. कुणी भिंतीवर चढतोय, कुणी चेंडू उचलतोय. पुण्याची पोरं एकसारखे टीशर्ट घालून, चाकं लावलेल्या पेटीतून रोबो घेऊन आलेली. आमचा नंदी शेंगा चटणीच्या खोक्यातून उतरला.

पहिली कुस्ती सुरू झाली. नंदीने शत्रू हेरला, जोर लावला आणि केळीच्या सालीवर पाय पडल्यासारखा घसरत स्वतःच फळीखाली गेला!

गौरीने चाकाला बोट लावून पाहिलं. मग माझ्याकडे.

"पप्पा, काय लावलाव चाकांना?"

"काय नाही गं. थोडंसं तेल. ओरडायलं होतं की ते!"

"रबर पकड घेतं म्हणून ओरडतं, पप्पा!"

"काका," पद्माने हळूच विचारलं, "तुम्ही आमच्याकडून हाव की पुण्याकडून?"

आणखी एक हार म्हणजे घरी. मला वाटलं, आता पोरगी रडणार. लहानपणी मिक्सरच्या आवाजाला घाबरून आईच्या पदरात शिरणारी ती! पण तिने शांतपणे पिशवीतून स्पिरिट काढलं, माझ्या खिशातला रुमाल ओढला आणि चाकं लख्ख पुसली. ही आमच्याच घरात वाढली?

दुसरी कुस्ती पुण्याशी. शिट्टी झाली. नंदी जागेवरच गोल गोल फिरू लागला. तो शत्रूला शोधत होता, हे सगळ्या हॉलला माहीत होतं. मला वाटलं, त्याला चक्कर आली.

मी उठून थेट फळीपाशी गेलो. "अरे, तिकडं बघ की! तिकडं!" म्हणत हात आत घातला.

नंदीला शत्रू सापडला. मी!

तो सुसाट माझ्या हातावर आला, मी दचकलो, तोल गेला आणि धप्पकन फळीवर बसलो. नंदी फावडं लावून माझ्या मांडीला ढकलू लागला. तेवढ्यात पुण्याच्या रोबोनेही मला हेरलं. आता एकीकडून सोलापूर, दुसरीकडून पुणे आणि मधे मी! दोघांची चाकं चीं चीं करतायत, पोरं उभी राहून टाळ्या पिटतायत.

पंच सर धावत आले. "बाहेरच्या माणसाचा हस्तक्षेप. हा संघ बाद!"

सहा महिन्यांचं काम, आणि मी त्यावर बसलो होतो. अगदी शब्दशः.

गौरी पुढे झाली. आवाज जरासुद्धा कापला नाही. "सर, आमच्या रोबोला मदत झालीच नाही, त्याचा वेळ गेला. तरी समोरच्या संघाचं म्हणणं असेल तर आम्ही बाद."

पुण्याच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "सर, परत लावा. काकांमुळे जिंकलो असं सांगायला आम्हालाच लाज वाटेल."

कुस्ती परत लागली. मला शेवटच्या रांगेत, दोन स्वयंसेवकांच्या मधे बसवलं. नंदी फिरला, थांबला, चाकं करकरली आणि पुण्याचा रोबो इंच इंच मागे सरकत कडेवरून खाली गेला. मी इतका ओरडलो की स्वयंसेवकांनी माझे खांदे धरले. पुढच्या फेरीत नंदी हरला, पण गौरीचे डोळे चमकत होते. पुढच्या वर्षीचा रोबो तिच्या डोक्यात तिथेच सुरू झाला होता.

हल्ली तिला सरावासाठी रोज संध्याकाळी प्रतिस्पर्धी लागतो. मी हॉलमध्ये मांडी घालून बसतो. ती म्हणते, "पप्पा, तुमच्यासारखं कुणी नाही. तुम्हाला शोधायला सेन्सरसुद्धा लागत नाहीत!"